आईची खालची कवळी, दादाचे इम्प्लांट आणि मधे मी

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

आई ७३ वर्षांची. ११ वर्षांपूर्वी उरलेसुरले दात काढून वर-खाली पूर्ण कवळी बसवली. वरची अजून झकास. खालची म्हणजे नुसता वैताग. बोलताना उठते, खाताना सरकते, आणि डाव्या बाजूला एका ठरावीक जागी दाबली गेली की "करंट लागतो" म्हणते. त्यामुळे ती आता रुमालात असते. बेल वाजली की दार उघडेपर्यंत तोंडात, पाहुणे जिना उतरले की परत रुमालात. जेवण वरचे दात आणि खालची हिरडी यांवर चाललंय. सगळं मऊ करून.

दादाने 'एका दिवसात सगळे दात' अशी जाहिरात पाहिली आणि त्याचं ठरलं की इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेले दात) करायचे, खर्च त्याचा. आईचं म्हणणं, "माझ्या तोंडात आता सुतारकाम नको." दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, दोघंही मला फोन करून एकमेकांची तक्रार करतात.

या वयात इम्प्लांट की नवी कवळी? ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी लिहा. जाहिरातीतलं नको, तोंडातलं हवं.

खडूस_आजोबा:
आमच्याकडे दातही आहेत आणि चणेही. पण दात पेल्यात आणि चणे बशीत, गाठ पडत नाही.
(सविस्तर नंतर लिहितो. चष्मा सापडला की.)

टिकाऊ:
माझे दोन इम्प्लांट आहेत, खालच्या उजव्या दाढांच्या जागी, ९ वर्षं झाली. तुमच्या आईंसारखी सगळे दात गेल्याची गोष्ट नाही, पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण लोक नुसतं 'स्क्रू' ऐकून घाबरतात.

भूल दिल्यावर दुखत काही नाही. कवटीच्या आत कुणीतरी लांबवर बोअरवेल खणतंय असा आवाज मात्र येतो, आणि तो कानातून नाही, हाडातून येतो. गार पाणी सतत सोडत होते, हाड तापू नये म्हणून. मग छोट्या पान्याने स्क्रू पिळला, त्याची कट्-कट् हनुवटीपर्यंत जाणवली. टाके घातले आणि घरी. दुसऱ्या दिवशी गाल सुजला, चौथ्या दिवशी उतरला. अक्कलदाढ काढताना मला याच्या दुप्पट त्रास झाला होता.

खरी परीक्षा त्यानंतरची. चार महिने थांबायचं. हाड स्क्रूला धरेपर्यंत वर कॅप, म्हणजे दिसणारा दात, नाही. त्या काळात तोंडात नुसतं एक बटण.

आता ९ वर्षांनी विचाराल तर मला ते वेगळे दात आहेत हे आठवतही नाही. एक फरक सोडून. खऱ्या दाताखाली एक बारीक गादी असते, तिला दाब कळतो. इम्प्लांट थेट हाडात, त्यामुळे खडा आला तर खऱ्या दाताला आधी कळतं आणि जबडा थांबतो. इम्प्लांटला कळेपर्यंत कॅपचा टवका उडालेला असतो. माझा उडाला.

शंकेखोर:
सगळे गोड अनुभव येतील म्हणून आधीच कडू लिहून ठेवतो.

माझा इम्प्लांट सहाव्या वर्षी गेला. दुखलं काहीच नाही, हीच तर गंमत. ब्रश करताना थोडं रक्त यायचं, मी म्हटलं ब्रश कडक असेल. वर्षभराने एक्स-रे काढला तर स्क्रूभोवतीचं हाड कपबशीच्या आकारात खाल्लेलं. शेवटी उलटा फिरवून काढला, आणि तो इतक्या सहज निघाला की मलाच लाज वाटली.

चूक कुणाची? सुरुवातीला डॉक्टरांनी विचारलं होतं, सिगरेट? मी म्हणालो, सोडली. खरं तर कमी केली होती. त्यांनी दर सहा महिन्यांनी साफसफाईला बोलावलं होतं, मी दोनदा गेलो. सहा वर्षांत दोनदा.

तेव्हा ताई, 'एकदा बसवला की जन्माची ददात मिटली' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड खराब होतं, आणि खऱ्या दातापेक्षा जास्त गुपचूप होतं.

उंटावरचा_शहाणा:
>>एकदा बसवला की जन्माची<<
एका माणसाच्या बाबतीत ते खरं झालंय. ब्रोनमार्क नावाचे स्वीडनचे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची नळकांडी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळकांडी परत काढायला गेले तर निघेनात, हाडाने त्यांना आपलंसं केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला या पद्धतीचे इम्प्लांट बसवले. तो २००६ मध्ये वारला तेव्हा ते तोंडात शाबूत होते. थोडक्यात, हा शोध सशाचं काहीतरी निघेना म्हणून लागला.

गोगलगाय:
उंटावरून इतकं लांबचं दिसतं तर! 😄

धागाकर्त्यांची माफी मागून माझा प्रश्न घुसडते. माझी एकच दाढ गेलीय, खालची, सगळ्यात मागून दुसरी. वय ४६. इम्प्लांट, ब्रिज (शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधे बसवलेला दात) की काहीच नाही? काहीच नाही हा पर्याय मला फार आवडतो.

खडूस_आजोबा:
चष्मा सापडला. कपाळावर होता.

मी १९ वर्षं कवळीवाला आहे, तेव्हा कवळीची बाजू कुणीतरी मांडायला हवी ती मी मांडतो. हल्ली इम्प्लांटवाले असं बोलतात जणू कवळी म्हणजे अश्मयुग.

पहिले सहा आठवडे नरक. तोंडात चप्पल धरल्यासारखं वाटतं, लाळेचा पूर येतो, जीभ बिचारी राहायला जागा शोधते. लोक इथेच हार मानतात आणि कवळी कपाटात जाते. मी हट्टी. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक व्यायाम दिला होता, तो इथे फुकट देतो. आरशासमोर उभं राहून साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने म्हणायचं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. प्रत्येक 'ष्ट'ला कवळी शिट्टी मारते. शिट्टी बंद झाली की समजा जीभ नांदायला लागली. मला तीन आठवडे लागले. अडुसष्ट सगळ्यात अवघड.

खाण्याचं सांगायचं तर पुढच्या दातांनी तोडायचं नाही. बारीक तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंना एकदम चावायचं. एकाच बाजूने चावलं तर दुसरी बाजू वर उठते, साधा तराजू आहे. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो, त्यामुळे सुरुवातीला सगळंच बेचव लागतं. चव मुख्यतः जिभेवर असते म्हणून ती परत येते. पण घास किती गरम आहे हे टाळूला कळत नाही, आणि घसा भाजल्यावर कळतं. तीनदा भाजलाय.

आता खालच्या कवळीबद्दल ताईंच्या आई म्हणतात ते सगळं खरं. माझीही खालची आतून दोनदा भरून घेतली आहे.

दंतकथा:
नाव गमतीने घेतलंय पण व्यवसायाने दंतवैद्य आहे. तपासल्याशिवाय सल्ला देणार नाही. फक्त वरची झकास आणि खालची वैताग असं का होतं ते सांगते, कारण या धाग्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

वरच्या कवळीला टाळूचं मोठं मैदान मिळतं. मधे लाळेचा पातळ थर असतो, कडा बंद असतात, आणि दोन ओल्या काचा जशा एकमेकींना चिकटतात तशी ती धरून राहते. खालच्या कवळीला मैदान नाही, नुसती घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी. मधे जीभ, जी दिवसभर तिला ढकलते. बाहेरून गाल आणि ओठ.

त्यात भर हाडाची. दात असतो तोवर हाडाला काम असतं. दात गेला की ते झिजायला लागतं, आणि पहिल्या वर्षात सर्वाधिक. दात काढल्यावर १२ महिन्यांत त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते. नंतर वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो. म्हणजे ११ वर्षांपूर्वीची कवळी ज्या उंचवट्यावर बेतली होती तो उंचवटाच आज तिथे नसेल. कवळी तीच, पाय लहान झालेत.

त्या 'करंट'चंही कारण बहुधा यातच आहे. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्यातून एका छिद्रातून बाहेर येते, साधारण उपदाढांच्या खाली. हाड झिजत गेलं की ते छिद्र पृष्ठभागाजवळ येतं आणि कवळी थेट नसेवर दाब देते. हे कल्पनेतलं दुखणं नाही, आईंना तसं जरूर सांगा. अनेक आज्या 'घरचे म्हणतात मी नाटकं करते' असं सांगत येतात. कवळीच्या आतून तेवढी जागा कोरून दिली तरी पुष्कळ आराम पडतो.

आणि तिसरा पर्याय आहे, जो ना दादा बोलले ना आई. कवळी काढघाल करायचीच, पण खालच्या जबड्यात पुढच्या भागात, साधारण सुळ्यांच्या जागी, फक्त दोन इम्प्लांट घालून तिला प्रेसच्या बटणासारखं अडकवायचं. ओव्हरडेन्चर म्हणतात. तिथलं हाड सहसा चांगलं असतं आणि ती नस मागे राहते. २००२ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते, त्यांनी खालच्या दातविरहित जबड्यासाठी पहिली पसंती याच पद्धतीला द्यावी असं म्हटलं. नुसत्या कवळीला नाही आणि तोंडभर इम्प्लांटनाही नाही.

शंकेखोर:
म्हणजे शेवटी इम्प्लांटच ना? दुकान तेच, माल थोडा कमी.

दंतकथा:
दोन आणि आठ यांत फरक आहे, शंकेखोर. शस्त्रक्रियेत, खर्चात आणि पुढे साफ ठेवण्याच्या कष्टात. आणि बटणातल्या प्लास्टिकच्या चकत्या झिजतात, त्या वेळोवेळी बदलाव्या लागतात, हेही सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही पुढच्या प्रतिसादात सांगालच.

शंकेखोर:
सांगणारच होतो. 🙂
बरं, ते यशाचं प्रमाण ९५ टक्के वगैरे सांगतात ते काय? माझ्यासारखे पाचच टक्के?

दंतकथा:
चांगला प्रश्न. १० वर्षांनी जागेवर असलेले इम्प्लांट ९० टक्क्यांच्या वर असतात हे खरं. पण तो आकडा 'टिकले' याचा असतो. भोवती हाड खाल्लं जातंय, हिरडीतून पू येतोय, तरी स्क्रू तोंडात आहे, तर तो मोजणीत टिकलेलाच. तुमचा इम्प्लांटसुद्धा पाच वर्षं त्या ९५ टक्क्यांत होता.

टिकाऊ:
हे आजवर कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. उद्याच तपासणीची वेळ घेतो.

दंतकथा:
@गोगलगाय, एका दाढेसाठी. शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर ब्रिजसाठी ते घासणं जिवावर येतं. धडधाकट घराची भिंत पाडून शेजारच्याला खोली काढून देण्यासारखं. तिथे इम्प्लांट बरा. शेजारच्या दातांवर आधीच मोठं सिमेंट किंवा कॅप असेल तर ब्रिज अगदी योग्य. आणि 'काहीच नाही' हाही अधिकृत पर्याय आहे, त्यात शरमायचं काही नाही. फक्त मागचा दात पुढे कलू शकतो आणि वरचा खाली उतरू शकतो. ते होतंय का यावर डॉक्टरांनी लक्ष ठेवलं पाहिजे. सगळ्यात शेवटची दाढ असेल तर मी अनेकदा 'राहू द्या' म्हणते. २० चांगले दात असले तर माणूस बरं खाऊ शकतो. जपानमध्ये १९८९ पासून ८० व्या वर्षी २० दात अशी मोहीमच आहे.

गोगलगाय:
धन्यवाद! मनासारखं अर्धं उत्तर मिळालं. अर्ध्यावर खूश राहण्याची सवय आहे.

उंटावरचा_शहाणा:
अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही थाप. हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, धातू आणि चक्क इतर माणसांचे दात वापरले होते. आणि १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात काढून कवळ्यांसाठी विकले गेले.

खडूस_आजोबा:
जेवताना वाचलं. आभारी आहे.

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे, वृद्धांच्या कक्षात बरीच वर्षं. इम्प्लांट की कवळी हे तुम्ही ठरवा, मी मला दिसतं ते सांगते.

दवाखान्यात सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू म्हणजे कवळी. लोक कागदी रुमालात गुंडाळून ट्रेवर ठेवतात, ट्रे जातो, रुमाल कचऱ्यात. किंवा चादरीत गुंडाळून धुलाईला. म्हणून झाकणाचा डबा, त्यावर नाव. पाऊलवाट, रुमालाची सवय आजच मोडा.

झोपताना काढायचीच. रात्रभर कवळी ठेवली की खाली बुरशी वाढते, टाळू लालभडक होतो. जपानमध्ये ८५ च्या पुढच्या लोकांच्या पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. काढल्यावर पाण्यात ठेवायची, कोरडी नाही. गरम पाणी नको, वाकडी होते. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. साधा साबण आणि मऊ ब्रश. आणि बेसिनमध्ये पाणी भरून मग धुवायला घ्या. हातातून निसटली तर पाण्यात पडेल, फुटणार नाही. हे शेवटचं कुणी सांगत नाही, आणि निम्म्या कवळ्या तशाच फुटतात.

आता एक प्रश्न. आईंना दुसरी काय औषधं चालू आहेत? मधुमेह? रक्त पातळ करायची गोळी? हाडांसाठी काही?

पाऊलवाट:
बापरे, किती प्रतिसाद. सगळ्यांचे मनापासून आभार. 'करंट'चं कारण आईला वाचून दाखवलं. तिने आधी वाचलेलं बंद करायला लावलं, मग म्हणाली परत वाच. मग दादाला फोन लावून, "ऐकलंस? नस आहे नस."

@रात्रपाळी, मधुमेह आहे पण ताब्यात. बाकी रक्तदाबाची गोळी. आणि हो, आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी, मग अर्धा तास आडवं पडायचं नाही अशी. हाडं ठिसूळ झालीत म्हणून. पाच-सहा वर्षं झाली असतील. तिचा दातांशी संबंध असतो?

रात्रपाळी:
असतो. दंतकथा, तुम्ही बोला.

दंतकथा:
बरं झालं विचारलं. धाग्याला इतके प्रतिसाद आले आणि ही गोळी आत्ता पुढे आली. माझ्या दवाखान्यातही हेच होतं, 'काही औषध?' विचारलं की लोक रोजचीच सांगतात, आठवड्याची गोळी आठवत नाही.

या प्रकारच्या गोळ्या हाडाची झीज थांबवतात, त्यासाठीच देतात. पण हाडाची झीज आणि भर हे जोडीने चालणारं काम आहे, एकाला रोखलं की दुसरंही मंदावतं. त्यामुळे जबड्याच्या हाडावर शस्त्रक्रिया केल्यावर क्वचित ती जागा भरतच नाही, हाड उघडं पडतं. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत हा धोका खूप कमी आहे. कर्करोगासाठी शिरेतून मोठ्या मात्रेत देतात त्यात बराच जास्त. पण गोळी चार वर्षांहून जास्त चालू असेल तर आम्ही थोडं जास्त जपून वागतो.

याचा अर्थ इम्प्लांट होणारच नाही असा नाही. गोळी देणारे डॉक्टर आणि इम्प्लांट करणारे डॉक्टर यांचं आधी बोलणं व्हायला हवं, एवढाच. आणि कृपा करून गोळी परस्पर बंद करू नका. मांडीचं हाड मोडलं तर कवळीचा प्रश्न कुणाला आठवणार नाही.

शंकेखोर:
आणि 'एका दिवसात सगळे दात'वाल्यांनी हे विचारलं असतं का?

दंतकथा:
चांगल्या माणसाने विचारलंच असतं. ती पद्धत खोटी नाही. चार इम्प्लांट, मागचे दोन तिरके घालून उरलेल्या हाडात बसवतात आणि त्याच दिवशी पक्के, म्हणजे न काढता येणारे, दात लावतात. फक्त ते तात्पुरते असतात, कायमचे काही महिन्यांनी. जाहिरातीत पहिला दिवस असतो, पुढचे महिने नसतात.

शांतारस:
मी एक वेगळी गोष्ट सांगते, कुणाला घाबरवायला नाही.

बाबांना ६८ व्या वर्षी वर-खाली पक्के इम्प्लांट केले होते. उत्तम काम. आठ वर्षं त्यांनी काय वाटेल ते खाल्लं, आम्ही सगळे खूश. मग स्मृतिभ्रंश सुरू झाला. आता ते तोंड उघडत नाहीत. ब्रश जवळ नेला की ओठ घट्ट मिटतात, हात झटकतात. पक्क्या दातांखालची फट साफ करायला खास दोरा लागतो, तो आत घालणं आता अशक्य. गेल्या वर्षी दोन ठिकाणी सूज आली, ते सांगूही शकत नव्हते, फक्त जेवणं सोडलं. दाताचं आहे हे कळायला आम्हाला बारा दिवस लागले.

कवळी असती तर मी ती काढून बाहेर धुतली असती.

करू नका असं म्हणत नाही, त्या आठ वर्षांच्या आनंदाची किंमत मला ठाऊक आहे. पण ठरवताना कुणीतरी आम्हाला विचारायला हवं होतं की पुढे हे साफ कोण करणार.

टिकाऊ:
यावर काय बोलावं कळत नाही. मी ५५ चा आहे, हा विचार कधी मनात आला नव्हता.

दंतकथा:
शांतारस, तुम्ही लिहिलंत ते आमच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर हवं. काही ठिकाणी अशा वेळी पक्के दात काढून त्याच इम्प्लांटवर काढघालीची कवळी बसवून देता येते. बाबांच्या डॉक्टरांना विचारून पाहा. तसंच ज्यांचे इम्प्लांट झालेत त्या सगळ्यांनी, टिकाऊ, तुम्हीसुद्धा, कंपनी, व्यास, लांबी लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि घरच्यांना कुठे ठेवलंय ते सांगा. दहा वर्षांनी एखादा स्क्रू ढिला झाला तर नेमका कोणता पाना लागणार हे त्याशिवाय कळत नाही.

शांतारस:
हे माहीत नव्हतं. विचारते. कार्ड मात्र नाहीये.

खडूस_आजोबा:
कवळीचा एक फायदा कुणीच सांगितला नाही. नातवंडांना घाबरवता येतं. इम्प्लांटवाल्यांनी करून दाखवा.

शंकेखोर:
आजोबा, मान्य. कवळी १, इम्प्लांट ०.
ता.क. चिकटवायची पेस्ट वापरणाऱ्यांनी जपून. सैल कवळी ट्यूबच्या ट्यूब ओतून तग धरवायची नसते. जस्त असलेल्या पेस्टच्या अतिवापराने काहींच्या मज्जातंतूंना इजा झाल्याची उदाहरणं आहेत. जास्त पेस्ट लागतेय याचा अर्थ कवळी बदलायला झालीय.

पाऊलवाट:
महिन्याने परत आलेय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून इथेच लिहिते.

दादा, आई आणि मी तिघं एकत्र गेलो, हे आधी सांगते कारण ते मोठं आहे. डॉक्टरांनी स्कॅन काढला. दंतकथा यांनी सांगितलं तसंच, डावीकडे नस अगदी वर आलेली. पुढच्या भागात दोन इम्प्लांटपुरतं हाड आहे म्हणाले. गोळीबद्दल मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, त्यामुळे मला ते आवडले. आईच्या नेहमीच्या डॉक्टरांना पत्र दिलंय. त्यांचं उत्तर येईपर्यंत शस्त्रक्रिया नाही.

दरम्यान खालची कवळी नवी करायची ठरली. पुढे बटणं लावायची झाली तरी मुळात चांगली कवळी लागतेच, त्यामुळे हे काम वाया जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादाला हे पटलं, कारण त्याला वाटतं हा पहिला टप्पा आहे. आईला पटलं, कारण तिला वाटतं हाच शेवटचा आहे. मी कुणाचाच गैरसमज दूर केलेला नाही.

नवी कवळी परवा मिळाली. नसेच्या जागी आतून कोरलंय. करंट नाही. पण सरकते अजून, आणि आई चिडलीय. तिला शांतारस यांचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, त्यावर ती इतकंच म्हणाली, "डब्यात ठेवता येतं ते बरं." रुमाल मी फेकून दिला, आता निळा डबा आहे.

आजोबांचा व्यायामही सांगितला. काल सकाळी स्वयंपाकघरातून आवाज येत होता, एकसष्ट, बासष्ट. त्रेसष्टला शिट्टी. परत साठपासून. दुपारी दादाचा फोन आला तर त्यालाच मोजून दाखवत होती, सदुसष्टपर्यंत गेली.

खडूस_आजोबा:
आईंना नमस्कार सांगा. अडुसष्टला माझी अजून निघते.